कुणीही वाजवा, पण या की!

लग्नसराईत बेळगावात बँडवाले मिळत नाहीत, हे वधूपित्यांना ठाऊक असतं. त्याच लग्नसराईत इंग्रजी मार्च बसवायला घेतलेल्या माणसाचे हाल कोण विचारतो?

आमचा हौशी वाद्यवृंद आहे. फुंकून वाजेल ते वाद्य चालेल, एवढीच प्रवेशाची अट. दोन क्लॅरिनेट, एक बासरी, एक ऑल्टो सॅक्सोफोन, एक ट्रम्पेट आणि बँडपार्टीतल्या अण्णांचा पोचे आलेला युफोनियम, म्हणजे खर्जाचा मोठा पितळी कर्णा. अर्धी मंडळी कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ऐकत वाढलेली, त्यामुळे ब्रास बँडचं वेड सगळ्यांना. प्रत्येकाच्या सुरांचे कागद लिहायचं काम मात्र एकट्या मला.

इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचा 'अ मूरसाइड सूट' 1928 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या बँड स्पर्धेसाठी लिहिलेला. त्यातला तिसरा भाग मार्च, तो आम्ही घेतला. इंग्रजी ब्रास बँड म्हणजे पितळी वाद्यांचेच 25 वादक, त्यात ट्रम्पेटच्या आखूड भावंडाचे, म्हणजे कॉर्नेटचेच, सोप्रानो धरून दहा! होल्स्ट 1934 मध्ये वारले आणि आपल्याकडे कॉपीराइटचा हक्क निधनानंतर 60 वर्षांनी संपतो, तेव्हा कायद्याचं भय नाही. भय वादकांचं.

अशा वेळी 25 कागदांचे चार आवाज करायचे: चाल, तिची जोड, मधला भराव आणि खर्ज. मग प्रत्येक आवाज प्रत्येक वाद्याच्या पट्टीत लिहायचा, म्हणजे आलेल्या माणसाला हवा तो कागद देता येतो. कॉर्नेटवाल्याने कागदावरचा सा वाजवला की पेटीवरची काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, ऐकू येते; टेनर हॉर्न या मधल्या आवाजाच्या पितळी वाद्यावर वाजवला की काळी दोन. क्लॅरिनेटही काळी पाचचाच, त्यामुळे कॉर्नेटचा कागद त्याला जसाच्या तसा. ऑल्टो सॅक्सला टेनर हॉर्नचा. बासरी तेवढी सरळ पांढरी एकची, तिच्यासाठी कॉर्नेटचं सगळं एक पूर्ण सूर खाली उतरवून लिहायचं. इथवर फक्त हिशेब.

कॉर्नेटवाला तीन खटक्यांवर जिथून सहज निसटतो, तिथेच क्लॅरिनेटच्या खालच्या आणि वरच्या सुरांमधला सांधा येतो. एका सुराला बहुतेक बोटं उचललेली, पुढच्याला सगळी भोकं बंद. घराची सगळी दारं-खिडक्या एकाच क्षणी लावायला सांगावं तसं. चाल नेमकी तिथेच घुटमळत असेल, तर क्लॅरिनेटवाला काही बोलत नाही. नुसता चष्म्यावरून बघतो. मग रात्री बसून ती ओळ ट्रम्पेटकडे.

पण ट्रम्पेटवाला इंग्रजी नोटेशन वाचत नाही, त्याला मराठीत सरगम लागते. सॅक्सवाल्याला कन्नडमध्ये. म्हणजे एकच आवाज, तीन लिप्या! सीमाप्रश्न आमच्याकडे म्युझिक स्टँडवरही असतो, फक्त तिथे आंदोलन होत नाही. त्यातून सॅक्सवाला, सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथांच्या कॅसेटी ऐकून शिकलेला. ‘‘सर, उभा सूर कोरडा लागतोय की,’’ म्हणत होल्स्टच्या प्रत्येक लांब सुराला तो गमक लावतो. खरं सांगू? एके ठिकाणी बरं वाटतं. मी त्याला तसं सांगितलेलं नाही.

सरगमीत कोमल सुराखाली आडवी रेघ असते. झेरॉक्सवाल्याने यंत्र असं काही फिकं ठेवलं की रेघा गेल्या आणि सूर राहिले. तालमीत ट्रम्पेटचे सगळे कोमल सूर शुद्ध, बाकीच्यांचे कोमल. ट्रम्पेटवाल्याचा आत्मविश्वास इतका, की क्लॅरिनेटवालेच आपली रीड तपासू लागले.

आणि खर्ज? तो अण्णांकडे. अण्णा निपाणीला वरातीत. फोन केला की, ‘‘बर्तीन्री सर, बर्तीन्री,’’ म्हणजे ‘येतो, येतो’, आणि मागे ताशा. म्हणून खर्जाच्या मोक्याच्या जागा मी सॅक्सच्या कागदावर बारीक अक्षरात लिहून ठेवल्या. तर पुढच्या तालमीला सॅक्सही संकेश्वरला वरातीत!

त्या दिवशी खानापूरच्या भजनी मंडळातले काका पेटी घेऊन आले. फुंकायची अट मी ऐकवली. काका म्हणाले, ‘‘मग भाता काय पाण्यावर चालतोय? आत वारंच जातंय की.’’ शास्त्राने बोलणं बरोबर होतं. पेटीची पत्तीही वाऱ्यानेच थरथरते. काकांनी खर्ज धरला आणि मार्च पहिल्यांदाच जमिनीवर उभा राहिला. पट्टी बदलून लिहायची कटकट नाही, कारण काका लिहिलेलं बघतच नव्हते. दोनदा ऐकलं आणि बोटं चालू.

अडचण एवढीच, की पेटी वाजवताना त्यांना गायची सवय आहे. मार्चच्या मधल्या शांत भागात ‘‘विठ्ठल विठ्ठल’’ सुरू झालं आणि दोन्ही क्लॅरिनेट हसून बंद पडले. काका मात्र गंभीर. घाम पुसत मला म्हणाले, ‘‘साहेब, गाणं झ्याक आहे. पण काळी पाच मला वर जात्ये. तेवढं काळी एकमध्ये लिहून द्या.’’