‘रडणारं मूल लाडावलेलं असतं’ आणि प्रवेशाच्या मोसमातले बाकीचे सल्ले

मे महिना लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. कुणी लिहिलाय त्याचा पत्ता नाही, खाली ‘प्रत्येक पालकाने वाचावे’ एवढंच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मूल सहा वर्षांच्या आत घडलं तर घडलं, नंतर काही होत नाही. म्हणून अडीच वर्षांचं झालं की इंग्रजी नर्सरीत घाला, अंगणवाडीत नुसता खाऊ आणि खेळ. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी असं झालं की मूल गोंधळतं, तेव्हा घरातही इंग्रजीच बोला. शाळेच्या दारात रडणारं मूल लाडावलेलं असतं. सोडा आणि मागं न बघता निघा. वेळेवर एक चापट बसली की पोरगं वळणावर येतं. आणि चार वर्षांचा असताना ज्याला वाट बघता येत नाही तो पुढं आयुष्यात मागंच पडतो, हे परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.

मी खानापूर तालुक्यात पहिलीच्या वर्गाला शिकवते. हा मेसेज खरा मानून वाढवलेली मुलं जूनमध्ये माझ्यासमोर येऊन बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

भाषेपासून सुरू करते, कारण आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल गोंधळत नाही. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या गल्लीत जाऊन बघा. एका दारात मराठी, शेजारच्या दारात कन्नड. तिथलं तीन वर्षांचं पोर आईला म्हणतं, “मला नीर दे.” नीर म्हणजे कन्नडात पाणी. ऐकणाऱ्याला वाटतं, झाली भेसळ. तेच पोर शेजारणीकडं जाऊन “अक्का, नीर कोडरी” (ताई, पाणी द्या) म्हणतं. कुणाशी काय बोलायचं हे त्याला नीट माहीत आहे. शब्दांची सरमिसळ हा दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाच्या वाढीचा नेहमीचा भाग आहे. एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी भरतील, पण दोन्हींची बेरीज केली तर ते मूल मागं नसतं.

बिघडतं ते पुढच्या सल्ल्यानं. आईला इंग्रजी बेताचंच येत असेल आणि तिनं घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलं, तर बोलणं ‘सिट’, ‘ईट’, ‘डोन्ट क्राय’ एवढ्यावर येतं. “का रे, दादानं ढकललं म्हणून रुसलास होय? ये इकडं, सांग बघू काय झालं,” हे वाक्य ती मराठीत विचार न करता बोलली असती. अशा वाक्यांतूनच मुलाला कळतं की पोटात जे ढवळतंय त्याला राग म्हणतात, रुसवा म्हणतात, भीती म्हणतात. जे सांगता येतं त्याच्यासाठी चावावं लागत नाही, पाटी फेकावी लागत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा आला होता. शहरातल्या एका शाळेत एलकेजी-यूकेजी करून आलेला. त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘अतिशय शिस्तप्रिय आणि शांत’ असा शेरा. हाताची घडी, तोंडावर बोट, सांगितल्याशिवाय हलणार नाही. शेजारच्यानं पेन्सिल घेतली की मात्र एक शब्द न बोलता त्याच्या दंडाला कडकडून चावायचा. एके दिवशी बसल्या जागी त्याची चड्डी ओली झाली. घरी विचारल्यावर उलगडलं: बाहेर जायचं तर परवानगीचं इंग्रजी वाक्य म्हणायचं अशी त्याला सवय लावलेली, ते वाक्य ऐनवेळी आठवलं नाही. तो आधी बोलायला लागला तो भात वाढणाऱ्या मावशींशी, “अजून आमटी घाल की.” मग मुलांशी, मग माझ्याशी. “बाई, ह्यानं माझी पेन्सिल घेतली बघा” अशी तक्रार आली तेव्हा मला फार आनंद झाला. तोंड उघडलं आणि चावणं बंद झालं.

नवी भाषा समोर आली की बरीच लहान मुलं काही काळ गप्प राहून नुसतं ऐकतात. त्यात वावगं काही नाही. पण शिक्षिकेला मुलाची भाषाच येत नसेल तर त्या गप्पपणाला कधी शिस्त म्हटलं जातं, कधी मंदपणा. आत काय चाललंय ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मराठीच्या अभिमानापोटी मुलाला कन्नड पोरांत खेळू न देणारे पालक माझ्याकडं येतात. तेही चूकच. बसस्टँडवर, दवाखान्यात, तहसीलदार कचेरीत त्याला कन्नड लागणार आहे, आणि २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्याच शाळांत ती शिकावी लागतेच. गोट्या खेळताना जितकी सहज येईल तितकी नंतर येणार नाही. आपल्या भाषेच्या हक्काचा झगडा मोठ्यांनी जरूर लढावा, पण चार वर्षांच्या मुलाचा खेळगडी त्यात तोडू नये. इंग्रजीही शिकू दे. माध्यम कोणतं हे ठरवायचा हक्क सरकारचा नसून पालकांचा, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली कर्नाटक सरकारलाच सुनावलं आहे. निर्णय तुमच्या हातात आहे, तो कुठल्याशा मेसेजवरून घेऊ नका एवढंच माझं म्हणणं.

आता रडण्याचं. पहिल्या दिवशी आईचा पदर न सोडणारं मूल लाडावलेलं नसतं. आई दिसेनाशी झाली तर ती परत येईल का, हा त्याचा खरा प्रश्न असतो. त्याला न सांगता सटकलात तर उत्तर ‘सांगता येत नाही’ असं मिळतं आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी घट्ट धरतं. घड्याळ कळत नाही, म्हणून “एक वाजता येते” म्हणून उपयोग नाही. “जेवण झालं, हात धुतले की मी दारात असेन” म्हणा, आणि खरंच असा. निरोप मात्र लांबवू नका. बहुतेक मुलं काही आठवड्यांत रुळतात. महिना उलटूनही रोज तसाच आकांत असेल तर वर्गात काय चाललंय ते जाऊन बघा, मुलाला दोष देऊ नका.

चापटीवर फार लिहायची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी. तो कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे हे खरं. पण सहा वर्षांच्या मुलाला जे करायची बंदी आहे ते तीन वर्षांच्याला कसं चालेल? दीड लाखाहून जास्त मुलांवरचे अभ्यास एकत्र करून २०१६ साली जे मांडलं गेलं त्यात मार खाणारी मुलं जास्त आज्ञाधारक झाल्याचं निघालं नाही. मारकुटेपणा आणि चिंता मात्र त्यांच्यात जास्त आढळली. मारामुळंच सगळं झालं असं त्यातून ठाम सांगता येत नाही. पण वळण लागतं, याला तर आधारच नाही.

वाट बघण्याचा प्रयोग खरा आहे, मेसेजमध्ये तो अर्धाच सांगितलाय. अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाअखेरीपासून बालवाडीतल्या मुलांसमोर मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ गोड खाऊ, ठेवून बघितलं: आत्ता खाल्लंस तर एक, थांबलास तर दोन. थांबलेली मुलं पुढं परीक्षांत सरस निघाली. मूळची मुलं मोजकी, तीही विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त, वेगवेगळ्या थरांतल्या मुलांवर तेच तपासलं तेव्हा हा संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर फारसा उरलाच नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्याच रॉचेस्टरचा छोटा प्रयोग, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. तिथं आधी मोठ्या माणसानं मुलांना चांगले रंगखडू आणून देतो म्हणून सांगितलं. काहींना दिले, काहींना “नाहीत” म्हणून हात हलवत आला. मग मार्शमॅलो ठेवला. शब्द पाळलेला बघितलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीन मिनिटं. म्हणजे थांबणं नुसतं मुलाच्या स्वभावात नसतं, समोरच्या माणसाच्या शब्दातही असतं. अंगणवाडीत टायरच्या झोक्यापाशी ताई म्हणते, “दहा झोके तिचे, मग तुझी पाळी,” आणि दहा मोजून झाल्यावर खरोखर त्याला बसवते. तो तेवढा वेळ ओठ चावत उभा राहतो, पुढच्या खेपेला स्वतःच मोजतो. स्वतःला आवरणं मुलं अशी शिकतात.

याला मेसेज ‘नुसता खेळ’ म्हणतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गोरगरिबांच्या मुलांसाठी अंगणवाडी उभी केली ती याच खेळातून. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ पासून पेरी प्रीस्कूल या बालवाडीचा प्रयोग झाला, गरीब घरच्या १२३ मुलांवर. बालवाडीत गेलेल्यांची बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत पुसली गेली, तरी चाळिशीपर्यंत त्यांचं शिक्षण, नोकरी आणि पोलिसांशी येणारा संबंध, सगळ्यात फरक दिसला. टिकलं ते वागण्यातलं. उलट तिथल्याच टेनेसी राज्यात सरकारी पूर्वप्राथमिकला गेलेली मुलं सहावीपर्यंत अभ्यासात मागं पडली आणि त्यांच्या वागण्याच्या तक्रारीही वाढल्या, असं २०२२ मध्ये दिसलं. लवकर घातलं म्हणजे भलंच झालं, असं नाही. आपल्या अंगणवाड्या आदर्श आहेत असंही मी म्हणत नाही. वजनं, रेशन, रजिस्टर, सर्वेक्षण यांतून ताईला मुलांजवळ बसायला वेळ उरत नाही, आणि त्यासाठी पालकांनी बोललंच पाहिजे.

राहिली सहा वर्षांची मुदत. पहिली वर्षं मोलाची असतात हे खरंच. पण राग आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. ऊस तोडायच्या हंगामात आई-बापाबरोबर अथणी-चिकोडीकडं आलेलं सात-आठ वर्षांचं मूल कधीच शाळेत बसलेलं नसतं. त्याला ‘वेळ गेली’ म्हणायला कसलाही आधार नाही.

घाईनं पदरात काय पडतं तेही बघा. पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत असा आदेश कर्नाटकानं २०२२ मध्ये काढला. लवकर घातलेली मुलं यूकेजी संपवून मोकळी झाली आणि वयात बसेनात. शेवटी २०२५-२६ पुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत द्यावी लागली. सहाच्या हिशेबानं एलकेजीला चार पूर्ण लागतात. अडीच वर्षांच्या मुलाला अजून दीड वर्ष आहे. तिसरं पूर्ण झालं की जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. आणि पुढं कुठल्याही माध्यमाच्या शाळेत गेलात तरी फी विचारायच्या आधी एक विचारा: माझ्या मुलाला शू लागली, पोट दुखलं, कुणी मारलं, तर ते मराठीत सांगेल, वर्गात ते कुणाला कळेल?