फौकानिया म्हणजे हायस्कूल : प्रशालेच्या दगडाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातल्या जिल्हा परिषद प्रशालेत, हेडमास्तरांच्या खोलीशेजारी एक काळा दगड भिंतीत बसवलेला आहे. त्यावर उर्दूत कोरलंय, ‘मदरसा फौकानिया’, आणि खाली आकडा, १३३४. शाळेच्या शताब्दीची बोलणी सुरू झाल्यापासून या दगडाचा फोटो लावलेला एक मेसेज गावातल्या प्रत्येक ग्रुपवर येतोय. त्यात म्हटलंय की हा सन १३३४ चा, म्हणजे तुघलकाच्या काळातला मदरसा. इथे फक्त धर्म शिकवायचे. हिंदू पोरांना प्रवेश नव्हता, मराठी शिकवणं गुन्हा होता, आणि खरी शाळा सुरू झाली ती १९४८ नंतर. म्हणून शताब्दी थांबवा आणि दगड काढून टाका.

मी याच शाळेत पाचवी ते दहावी शिकलो. वडील इथेच शिकले आणि आजोबाही. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी तो आकडा. दगडावर १३३४ च्या पुढे उर्दूतलं ‘फ’ हे अक्षर आहे. मेसेजमधल्या फोटोत तेवढाच भाग कापला गेलाय. फ म्हणजे फसली. १९४८ पर्यंत आमचा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, आणि तिथे सरकारी कामकाज फसली सनात चालायचं. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं आजर, दै, बहमन, खुरदाद अशी असायची. फसली सनात ५९० मिळवले की पहिल्या तीन महिन्यांचं इसवी सन निघतं, पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे. १३३४ फसली म्हणजे ऑक्टोबर १९२४ ते ऑक्टोबर १९२५. शताब्दी कशाच्या हिशोबानं धरली ते यातून कळेल. आणि तुघलकाच्या दरबारी फारसी होती. हैदराबाद राज्यात फारसी जाऊन उर्दू राजभाषा झाली ती १८८४ च्या सुमाराला. चौदाव्या शतकातल्या दगडावर ही उर्दू पाटी येणार कुठून?

आता ‘मदरसा’. आज हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर धर्माची पाठशाळा येते, हे मला समजतं. पण दर्स म्हणजे पाठ, आणि पाठ जिथे होतो तो मदरसा. निजामाच्या शिक्षण खात्यात शाळेला दुसरा शब्दच नव्हता. प्राथमिक शाळा ती तहतानिया, मिडल स्कूल ती वस्तानिया आणि हायस्कूल ते फौकानिया. शिक्षक तो मुदर्रिस, हेडमास्तर तो सदर मुदर्रिस, आणि इयत्तेला म्हणायचे जमात. माझे आजोबा शेवटपर्यंत ‘मी सातव्या जमातीत होतो’ असंच सांगायचे. ते वारकरी होते, गळ्यात माळ होती.

शिकवायचे काय? हिसाब म्हणजे गणित, जुगराफिया म्हणजे भूगोल, तारीख म्हणजे इतिहास, शिवाय विज्ञान आणि इंग्रजी. धर्माचा तासही होता, तो लपवायचं कारण नाही. मुसलमान मुलांना दीनियात असायचं. त्याच वेळी बाकीच्यांना अखलाकियात, म्हणजे नीतीचे पाठ. आजोबांना त्यातल्या गोष्टी म्हातारपणीही आठवायच्या.

प्रवेशाबद्दल मी तावातावानं बोलणार नाही, रजिस्टरच बोलेल. शाळेच्या लोखंडी कपाटात जुनं दाखल-खारीज रजिस्टर आहे. त्यात आजोबांचं नाव आहे, बापाचं नाव, जात, गाव, फसली तारीख, सगळं उर्दूत. त्याच पानावर जोशी आहेत, देशमुख आहेत, मारवाड्यांची पोरं आहेत, शेख आणि पठाणही आहेत. अशाच जुन्या उर्दू आणि मोडी नोंदींसाठी २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातली कपाटं उघडली गेली आणि कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. हिंदू पोरांना प्रवेशच नव्हता, तर शाळांच्या रजिस्टरांत कुणब्यांच्या नोंदी शोधायचं कारणच काय होतं?

पण त्या पानांवर कोण नाही, हेही बघायला हवं. मुली नाहीत. गावकुसाबाहेरची नावं शोधूनही हाताला लागत नाहीत. वीस-पंचवीस मैलांवरच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला तालुक्याला राहून शिकायचं, तेही घरात कुणी बोलत नाही अशा भाषेत, हे झेपणारं नव्हतं. दरवाजावर कुणी नियम लावलेला नसला तरी दरवाजा अरुंदच होता. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातली साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत निघाली, ती यामुळेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलेलं, ते हीच पोकळी बघून. निजामाच्या शाळांवर खरा आरोप करायचा असेल तर तो हा आहे. मेसेज लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

मराठीच्या मुद्द्यावर मात्र थांबून बोलावं लागेल, कारण तिथे मेसेज अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्याचं उत्तर सोपं नसतं. सरकारी हायस्कुलात माध्यम उर्दू होतं. ज्या मुलखात घराघरात मराठी, तिथे गणित आणि भूगोल उर्दूतून शिकायचं, आणि शाळेत निजामाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना म्हणायची, हा अन्यायच होता. १९२४ च्या नियमांनी खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी सक्तीची केली आणि कितीतरी लहान शाळा त्यात बंद पडल्या. १९३८ साली वंदे मातरम् म्हटलं म्हणून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून काढलं. त्यातल्या अनेकांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पुरं केलं. हे मी विसरलेलो नाही आणि कुणी विसरूही नये.

तरीही ‘मराठी शिकवणं गुन्हा होता’ हे वाक्य चूक आहे, आणि त्यानं आपल्याच माणसांवर अन्याय होतो. औरंगाबादची सरस्वती भुवन संस्था १९१५ ची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात १९३५ पासून हेडमास्तर होते स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी पुढे मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. निजामाच्याच उस्मानिया विद्यापीठात मराठीचा विभाग होता आणि डॉ. ना. गो. नांदापूरकर तिथे मराठी शिकवायचे. या लोकांनी परवानग्यांसाठी खेटे घातले, वर्गणी गोळा केली, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना तोंड दिलं आणि मराठी टिकवली. ‘तेव्हा मराठी नव्हतीच’ असं म्हटलं की यांचं सगळं काम पुसलं जातं.

शेवटचा मुद्दा, शाळा १९४८ नंतरची. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस ॲक्शन झालं, १७ तारखेला राज्य मुक्त झालं. शाळा त्याच इमारतीत भरत राहिली. रजिस्टर तेच होतं, फक्त काही पानांनंतर उर्दू अक्षरं संपतात आणि देवनागरी सुरू होते, फसलीच्या जागी इसवी सन येतं. मला ते पान कुठल्याही स्मारकाइतकं मोलाचं वाटतं. शुक्रवारची सुट्टी रविवारी गेली. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर शाळा त्यांच्याकडे गेली. म्हणून तर मराठवाड्यात गावोगावी जिल्हा परिषदेची हायस्कुलं दिसतात. पाटी चार वेळा बदलली, पण तासाला वाजणारा रुळाचा तुकडा माझ्या आजोबांनी ऐकला तोच मी ऐकला. आणि दर १७ सप्टेंबरला प्रभातफेरी निघते ती त्या काळ्या दगडासमोरूनच, माझ्या वडिलांच्या वेळेपासून.

शताब्दी समितीला माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. दगड आहे तिथेच ठेवावा आणि त्याखाली मराठीत एक छोटी पाटी लावावी : ‘सरकारी हायस्कूल, १३३४ फसली, इ.स. १९२४-२५’. आणि रजिस्टरचं पान न् पान पावसाळ्याआधी स्कॅन करून घ्यावं. कपाटाच्या खालच्या कप्प्याला वाळवी लागली आहे, आणि उर्दू वाचू शकणारे गावात आता तीनच म्हातारे उरले आहेत.