कूलर म्हणतो उघडा, प्युरिफायर म्हणतो लावा

सोलापुरात एअर प्युरिफायर घ्यायला निघालात, तर आधी घरातल्या कूलरशी बोलून घ्या. मे महिन्यात पारा ४३ ला टेकला की कूलर म्हणतो, खिडकी उघडा, नाहीतर खोलीची पाणपोई करतो. प्युरिफायर म्हणतो, खिडकी लावा, नाहीतर अख्ख्या जुळे सोलापूरची हवा मीच गाळत बसू का? दोघांचंही खरं. डेझर्ट कूलर तासाला दोन-तीन हजार घनमीटर हवा आत ढकलतो, हा बिचारा गाळतो दोन-अडीचशे. म्हणून माझ्या मते हे यंत्र एसीच्या खोलीसाठी, नाहीतर कूलर माळ्यावर गेल्यानंतरच्या महिन्यांसाठी.

दुकानदार सांगेल, "पाचशे स्क्वेअर फूट सहज ओढतंय बघा." मान हलवा आणि सीएडीआर विचारा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर हवा गाळून देतं तो आकडा. खोली १० बाय १२, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाचदा हवा गाळायची तर १७० सीएडीआर लागतो. पण खोक्यावरचा आकडा सर्वांत जोरातल्या वेगाचा असतो, आणि त्या वेगाला यंत्र पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटाशी स्पर्धा करतं. झोपताना तुम्ही ते मंद करणार, आकडा निम्म्याखाली येणार. तेव्हा ३०० च्या आसपासचंच घ्या.

हेपा म्हणजे बारीक धूळ पकडणारा फिल्टर. खोक्यावर 'हेपा टाइप' लिहिलेलं दिसलं तर खाली ठेवा. 'घरच्यासारखं जेवण' मधल्या 'सारखं'ला जितका अर्थ, तितकाच या 'टाइप'ला. एच १३ या दर्जाचा हेपा हवा. फोडणीचा वास हेपाला कळत नाही, तो कार्बन फिल्टरचा प्रांत. त्यात कोळशाचे दाणे भरलेले हवेत. काळी स्पंजची पट्टी निव्वळ शोभेची. आयोनायझरचं बटण बंदच राहू द्या, त्यातून ओझोन निघू शकतो.

यंत्राच्या किमतीआधी फिल्टरची किंमत विचारावी, कारण तो वर्षाकाठी पुन्हा घ्यायचा असतो. बाहेरची जाळी आठवड्याला ब्रशने झाडा; माग जवळ असतील तर सुताचे तंतू तिच्यावर चादर विणतात. हेपा मात्र धुऊन गच्चीवर वाळत घालू नका. तंतूंवरचा विद्युतभार जातो, आणि बारीक धूळ पकडण्याचं बरंचसं काम तोच करत असतो.

नवा फिल्टर बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत, यंत्राच्या आतच बसवून येतो. पिशवी काढायची असते. पुष्कळ घरांत ती राहते. हवा जात नाही, पंखा गुरगुरत राहतो. बऱ्याच यंत्रांतला फिल्टरचा दिवा फक्त तास मोजतो. ठरल्या दिवशी तो लाल होतो आणि पिशवीतला कोरा करकरीत फिल्टर बदलायला सांगतो.