कडक साहेब हवा, म्हणे!

आमच्या नौपाड्याच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू झालं. ऐरोलीच्या एका मैत्रिणीने लिहिलं, वडिलांच्या नावावरचं घर आईच्या नावावर व्हायला आठ महिने झाले आणि आता पाचव्यांदा त्रुटी निघाली. पाच मिनिटांत उपाय हजर : “मुंढेंना परत आणा.” त्याच्या पाठोपाठ, “सगळं एआयवर टाका, मध्ये माणूसच नको.” मी लिहिलं, दोन्हींनी काही होणार नाही. त्यावर ज्याला दहावीत माझी भूमितीची वही दिली होती, त्याने उत्तर दिलं : “तुला काय, तिकडे बसून सल्ले द्यायला!”

बरं. तिकडे, म्हणजे नेदरलँड्समध्ये, बसूनच लिहिते मग.

तुकाराम मुंढे मे 2016 मध्ये नवी मुंबईचे आयुक्त झाले. ऑक्टोबरात महासभेने त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव मंजूर केला, मार्च 2017 मध्ये ते गेले. वर्षसुद्धा पुरं झालं नाही. एका जागी साधारण तीन वर्षं ठेवावं असं सांगणारा बदल्यांचा कायदा महाराष्ट्रात 2005चा आहे. त्याच्या लांबलचक नावात ‘विलंबास प्रतिबंध’ हे शब्दही आहेत, आणि कोणतीही फाईल एका टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांहून जास्त राहू नये असं त्यातच लिहिलंय. ग्रुपवरच्या त्रेसष्ट जणांपैकी हे किती जणांना माहीत असेल? बदली झाली की आपण हळहळतो, विलंबाचं कलम मात्र कुणी उघडून बघत नाही.

आमच्या लहानपणी टी. चंद्रशेखर आयुक्त होते आणि ठाण्यातले रस्ते रुंद झाले. ते मी नाकारत नाही, अजूनही सुट्टीत आले की त्याच रस्त्यांवरून रिक्षा करते. पण रस्ता एकदा रुंद झाला की रुंद राहतो. टेबलाचं तसं नसतं. साहेब गेला की सोमवारपासून फाईल जुन्याच चालीने चालू लागते. 1980च्या दशकात अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची मांडणी बदलली, कागद लावायची शिस्त घालून दिली, आणि ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. आज त्यातलं नाव उरलंय, आणि परिपत्रकांतून अधूनमधून निघणारी सहा गठ्ठा पद्धत.

हे मला घरातून माहीत आहे. बाबा महसूल खात्यात अव्वल कारकून होते. ही गोष्ट ग्रुपवर कुणाला आठवत नाही, किंवा आठवते म्हणूनच ते ‘बाबू लोक’ लिहितात. आमच्या घरच्या कपाटातसुद्धा सहा गठ्ठे असायचे : कार्यवाहीचे, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. विजेची बिलं नियतकालिकांत. माझी प्रगतिपुस्तकं अभिलेखात. आई म्हणायची, नष्ट करायचा गठ्ठा कधी नष्ट होत नाही तेवढं सोडलं तर पद्धत चांगली आहे.

बाबांचं एक वाक्य मला सगळ्या आयोगांपेक्षा पटतं : “फाईल अडवली म्हणून घरी बसलेला माणूस मी पाहिला नाही. सही केली म्हणून बसलेले तीन पाहिले.” आयोग काय कमी झाले? 1951 साली गोरवालांचा अहवाल, 1953 साली ॲपलबींचा, 1966 साली मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग, 2005 साली वीरप्पा मोईलींचा दुसरा, त्याचे एकट्याचे पंधरा अहवाल. रोग काय आहे ते सत्तर वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्याने सही करायची त्याला भीती कशाची वाटते, हे बघायला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसावं लागतं. नागरिकाच्या बाजूने चूक झाली तर लेखापरीक्षण, चौकशी, पेन्शन अडकणं. नागरिकाच्या विरुद्ध झाली तर एक शेरा : ‘कागदपत्रे अपूर्ण’. कोण कशाला सही करेल?

2015च्या लोकसेवा हक्क कायद्याचं तेच. मुदत आहे, अपील आहे, दोषी ठरल्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंडही आहे. पण मुदतीचं घड्याळ अर्ज परिपूर्ण असला तरच चालतं. म्हणून मुदत पंधरा दिवसांची असेल तर चौदाव्या दिवशी त्रुटी निघते. अर्ज ऑनलाइन असेल तर त्रुटीही ऑनलाइन निघते, एवढाच फरक. एआयवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता माझं इकडचं. आम्स्टेलवेनमध्ये आम्ही घर बदललं तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर डिजिडीने, म्हणजे सरकारी ऑनलाइन ओळखीने, लॉगिन करून पत्ता बदलला. झालं. मुलाच्या पासपोर्टला खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, गेले तर काउंटरवर एक पंचविशीची मुलगी होती, नाकात चमकी. माझ्या एका कागदावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. तिने दोन मिनिटं स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, हे मी दुरुस्त करते. आत जाऊन कुणाला विचारणं नाही की वरची सही नाही. मी बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढताना चक्क रडले. तिच्या जागी मला बाबा दिसले, ज्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी ‘हे तुम्ही ठरवा’ म्हटलं नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं. लिहायला नको होतं, कारण लगेच अंगठे आले आणि “वा, युरोप!” आणि मला ओशाळं वाटलं. कारण पुढचं मी लिहिलं नव्हतं. याच देशाच्या कर खात्याने पाळणाघराच्या अनुदानावरून हजारो पालकांना लबाड ठरवलं. एखादी सही राहिली तरी आख्खी रक्कम परत मागितली. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांची तपासणी जास्त झाली. जानेवारी 2021 मध्ये सगळं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन मोकळं झालं, पण तोवर घरं मोडली होती. तिथेही सगळं ऑनलाइन होतं आणि वेळेवर होतं. त्या वर्षी दारात कर खात्याचं निळं पाकीट पडलं की मी ते उघडायच्या आधी नवऱ्याला ऑफिसात फोन करायची. आमचं मूलही त्याच पाळणाघरांपैकी एकात जात होतं, आणि आमचं आडनाव काही यान्सेनसारखं डच नव्हे.

पण तरी ती चमकीवाली मुलगी मला हवी आहे. ठाण्यात हवी आहे, बेलापूरला हवी आहे. कडक साहेब नको. खालच्या टेबलाला ठरवायचा अधिकार द्या आणि प्रामाणिक चुकीला माफी द्या, एवढंच माझं म्हणणं. आणि हो, तीन वर्षं त्या टेबलावरून हलवू नका.

भूमितीच्या वहीवाल्याला मी अजून एक सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. नेरूळचा फ्लॅट आईच्या नावावर करायचा होता. मला रजा तीन आठवड्यांची. पहिला आठवडा मी कलमं तोंडपाठ करून एका कार्यालयात गेले, दुसऱ्या आठवड्यात त्रुटी निघाली, आणि मंगळवारी दुपारी मी एजंटाला फोन केला. आकडा सांगत नाही. अकरा दिवसांत काम झालं, मी तेव्हा परत येऊन इथल्या ट्राममध्ये उभी होते. बाबांनी असल्या माणसांना कधी टेबलापाशी उभं राहू दिलं नाही, असं आई अजून सगळ्यांना सांगते. मी हो म्हणते.

त्याच सुट्टीत कपाट आवरलं. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात एकच कागद होता : शिधापत्रिकेतून नाव कमी करण्याचा अर्ज. माझं नाव, कारण ‘विवाहोत्तर परदेशी वास्तव्य’, तारीख जून 2009. बाबांच्या वळणदार अक्षरात सगळे रकाने भरलेले, सोबत जोडायच्या झेरॉक्स टाचलेल्या. एकही त्रुटी नाही. फक्त खाली सही केलेली नव्हती.