काका बरे आहेत

मला वाटांचे फोटो काढायची हौस आहे. माणसांचे नाही, धबधब्यांचे नाही, सनसेटचे तर नाहीच नाही, नुसत्या पायवाटेचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं कारण आमच्या घरात ते अजून कुणाच्या गळी उतरलेलं नाहीये. मागे राजमाचीच्या वाटेचा एक फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता, सकाळी सहाला उठून, चिखलात गुडघे टेकून काढलेला, तर मावशीचा रिप्लाय आला, "छान. पण यात तू कुठेयस?" म्हटलं मावशी, मी फोटो काढतोय ना. तर म्हणे, "अच्छा, मग काढलेला टाक की." काकांनी विचारलं हा रस्ता पीडब्ल्यूडीकडे येतो की ग्रामपंचायतीकडे. बायकोने अंगठा दिला, तोही बाजूच्या रूममधून.

तर गेल्या जुलैमधला रविवार. नाणेघाट. खालून, म्हणजे कोकणाच्या बाजूने चढायचं ठरलं, कल्याण, मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे आणि पुढे हायवेलाच गाडी लावून जंगलात शिरायचं. ही वाट मी मुद्दाम निवडली होती कारण वाट म्हणावी तर ही. सातवाहनांच्या काळातली, दोन हजार वर्षं जुनी, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नर आणि पुढे पैठणला जायचा. लादलेली जनावरं चढवायची म्हणून सरळ न नेता वळणं घेत घेत नेलीय, वरच्या टप्प्यात दगड बसवलेत, पायऱ्या आहेत. फोटोवाल्या माणसाला आणखी काय पाहिजे, वळण तयार, ओले काळे दगड तयार, दोन्ही बाजूंनी हिरवं. फक्त रिकामी वाट पाहिजे.

रिकामी वाट. जुलैतल्या रविवारी. नाणेघाटात. लिहितानाच कळतंय आता.

पण माणसांच्या आधी लेन्सने इंगा दाखवला. मित्राच्या गाडीत एसी फुल होता, बाहेर दमट हवा, कॅमेरा बॅगेतून काढला आणि लेन्सवर असा काही घाम आला की सगळं अंघोळीनंतरच्या आरशासारखं. पुसलं की परत येतो, कारण काच आतून गार असते, ती बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत काही करता येत नाही. अर्धा तास मी कॅमेरा पोटाशी धरून उभा. मित्र तेवढ्यात दोन वडापाव खाऊन आला.

मग चढ. आता वाटेच्या फोटोतलं एक दुःख असं आहे की चढ फोटोत येतच नाही. छातीवर येणारा खडा चढ असतो, आपण भात्यासारखे धापा टाकत असतो, आणि कॅमेरा वर करून क्लिक केलं की स्क्रीनवर बघतो तर डोंबिवलीचा फुटपाथ. सपाट. समोरच्या डोंगरावर जाऊन तिथून झूम लावला तर चढ नीट दिसतो हे मला माहितीये, मी मित्राला सुचवलंही, त्यावर तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. दुसरं दुःख धुक्याचं. धुकं डोळ्याला पांढरंशुभ्र दिसतं पण कॅमेऱ्याला वाटतं एवढा उजेड बरा नव्हे, तो बिचारा सगळं काळवंडवतो आणि धुक्याचं होतं गिरणीचा धूर. एक्सपोजर एक स्टॉप वाढवून ठेवायचा असतो. तो मी ठेवला. तोपर्यंत धुकं गेलं.

आणि माणसं आली.

केशरी पोंचो घातलेली बत्तीस माणसं, मी मोजली, एकामागे एक, शिट्टी वाजवणारा लीडर पुढे, मागच्याच्या सॅकला लटकवलेल्या स्पीकरवर गाणी. ती गेली की वळणावर धुकं. धुकं गेलं की पुढचा ग्रुप. धुकं जातं तेव्हा माणसं, माणसं जातात तेव्हा धुकं, जणू दोघांनी शिफ्ट लावून घेतली होती. मधल्या वेळात मी वाटेवरची वेफरची रिकामी पाकिटं उचलून खिशात कोंबत होतो (फ्रेममध्ये येतात हो, समाजसेवा वगैरे काही नाही). एक मावशी डोक्यावर टोपली घेऊन वर निघाल्या होत्या, काकड्या होत्या, आणि मी असा वाकून दगडांमधून काहीतरी वेचतोय हे बघून थांबल्या.

"काय हारवलं का वो दादा?"

"नाही मावशी, वाटेचा फोटो काढायचाय."

त्यांनी वाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत वाटेकडे. "मग काढा की. ती कुठं जातीय?"

आणि गेल्या पण, माझ्या डबल स्पीडने, टोपलीसकट.

शेवटी एक वळण सापडलं. वाट खालून येते, डावीकडे झुकते, परत उजवीकडे वळून झाडीत जाते, अगदी इंग्रजी एस. असा फोटो उभं राहून काढला तर पुढचे दगड चपटे दिसतात, वाइड लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर लावली की तेच दगड मोठे होऊन अंगावर येतात आणि नजर त्यांच्यावरून पुढे वाटेवर सरकत जाते. वीतभर उंचीवर लेन्स लावायची तर डोळा कुठे लावायचा? म्हणून मी आडवा झालो. पालथा. पाऊस भुरभुरत होता म्हणून निळा पोंचो डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून घेतला, कोपरं रोवली आणि गप्प पडून राहिलो, कारण खाली कुठेतरी आवाज येत होते आणि वर धुकं उतरत होतं. मित्र वर पुढे निघून गेलेला. एक छोटा खेकडा नाकासमोरून तिरका तिरका चालत गेला, मी हललो नाही. दहा मिनिटं झाली असतील.

"अरे काका पडलेत!"

मला कळलंच नाही हे मला आहे. मी उलट डोक्यात म्हणतोय, कोण काका, फ्रेमच्या बाहेर पडू देत. तेवढ्यात चौदापंधरा कॉलेजची पोरं धावत आली, त्यातल्या एकीने फर्स्ट एडचा कोर्स केला असावा, तिने इतक्या सफाईने मला कुशीवर वळवलं की पाठ मोकळी झाली. कुणी बूट सैल करतंय, कुणी ओआरएस घुसळतंय.

"अरे मी फोटो काढतोय!"

"कसला, काका?"

"वाटेचा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोर्सवाली हळूच शेजारच्याला म्हणाली, थोडे कन्फ्यूज आहेत. मग मला, मोठ्याने, सावकाश, "काका, आज वार कुठला?"

आणि देवाशप्पथ, गडबडीत मी शनिवार म्हणालो.

पुढे वरपर्यंत दोन पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी चालली. सॅक माझ्याकडे दिली नाही. ओआरएस मी पूर्ण प्यायलो, ऑरेंज फ्लेवर होता. वर घाटमाथ्याला मित्र जकातीच्या दगडी रांजणापाशी उभा होता, त्यांनी माझा ताबा त्याच्याकडे दिला आणि त्याचा नंबर घेतला, पोचल्यावर कळवा म्हणाले.

मी गुहेत जाऊन बसलो. तिथे भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, कुठले यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती नाणी दिली त्याचा पक्का हिशोब. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या म्हणतात, आता मूर्ती गेल्यात, वर कोरलेली नावं तेवढी आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा फॅमिली फोटो, कॅप्शन शाबूत आणि माणसं गायब. मावशी असती तर राणीलाही विचारलं असतं, छान, पण यात तू कुठेयस.

घरी येऊन बघितलं तर दोनशे बारा फोटो. एकशेनव्वदात केशरी पोंचो. बाकीच्यांत धूर. एकात खेकडा, तोही आउट ऑफ फोकस.

रात्री मित्राने एक फोटो फॉरवर्ड केला. त्या पोरांपैकी कुणीतरी मला उठवायच्या आधी खालच्या वळणावरून मोबाइलवर काढलेला, खाली लिहिलं होतं, "नाणेघाटात काका सापडले. काका बरे आहेत." वाट एस घेत वर गेलेली, ओले दगड चमकतायत, धुकं अगदी जिथे पाहिजे तिथे, झाडीच्या तोंडाशी. चढसुद्धा दिसतोय, खडा. माणूस एकही नाही, फक्त खालच्या कोपऱ्यात एक निळा ढीग आणि त्यातून बाहेर आलेले बुटांचे दोन तळवे.

बायकोने परस्पर ग्रुपवर टाकला. मावशीचा रिप्लाय मिनिटात. "आता कसं! आता दिसतोयस."

बायकोच म्हणाली याची फ्रेम करून आण, हॉलमध्ये लावू. मी मोठी प्रिंट मारून कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे घेऊन गेलो. तो चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला, म्हणाला झकास आलाय, कुठला घाट हा. मी सांगितलं. मग त्याने पट्टी घेतली, फोटोच्या खालच्या कडेला लावली आणि विचारलं, "साहेब, ही ताडपत्री कापून टाकू का?"