घंगाळातले पणजोबा

बेळगावात शहापुरातल्या आमच्या घरात सध्या चहाचा कप ठेवायला जागा नाही. टेबलं पुष्कळ आहेत. पण एकेकाला इतका मान आहे की त्यावर काही ठेवणं हा गुन्हा. जुन्या तिपाईला लाखेचं पॉलिश आहे. गरम कप टेकला की पांढरं कडं उमटतं. स्पिरिटचा बोळा फिरवला की ते जातंही, पण त्याआधी मायलेकींची बोलणी खावी लागतात.

लेक घरूनच नोकरी करायला लागली आणि मोबाईलवर बघून बघून तिने घर ‘विंटेज’ करायला घेतलं. ‘ती अडगळ काढा एकदाची’ म्हणून जन्मभर माझ्या मागे लागलेली आमची ही लगेच तिला फितूर झाली.

शिलाई मशीनचं डोकं उतरवून पायांवर फरशी बसवली. तिथे मी पेपर वाचतो. आता पायाखाली पायडल असलं की पाय हलणारच. वर मथळा, खाली चाक गरगर. सीमाप्रश्नाची बातमी असली की वेग आपोआप वाढतो. ही आतून ओरडते, “अहो, किती शिवताय?”

मग पाडलेल्या कुठल्याशा वाड्याचं सागवानी दार आलं, कडीकोयंड्यासकट. त्याचं जेवणाचं टेबल करायचं होतं. मेस्त्रीने रंधा बाहेर काढताच लेक आडवी आली. खिळ्यांची भोकं बुजवायची नाहीत, डाग घालवायचे नाहीत, रंगही सगळा खरवडायचा नाही.

“मग मी करू काय ताई?”

त्याला नवंकोरं स्टूल दिलं, कडा घासून जुनं करायला. जुन्याचं नवं करण्यात हयात गेलेल्या माणसाला नव्याचं जुनं करायची दुप्पट मजुरी मिळाली. जाताना म्हणाला, “अजून पायजे तर सांगा की. माझ्या घरात सगळं असलंच हाय.”

माळ्यावरची चिपटं, मापटं, पायली ही धान्याची मापं खाली उतरली. मापट्यात पेनं, चिपट्यात चार्जरच्या वायरी आणि चार शेरांच्या पायलीत मनीप्लांट. १९५६ साल आमच्याकडे तसं भरगच्चच गेलं. १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि मेट्रिक मापांचा कायदाही त्याच साली झाला. पायलीने दोन्ही सोसलं. मनीप्लांटही सोसेल.

पण खरा मानकरी म्हणजे घंगाळ. मोडीच्या दुकानातून किलोवर आणलेलं, तांब्याचं. सोप्यात मधोमध पाणी भरून ठेवलंय, वर झेंडूची फुलं तरंगतात. ही चिंच घेऊन घासायला धावते, लेक हिरवट डागांना हात लावू देत नाही. मी पाण्यातले डास मारतो. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, कुणा भलत्याच माणसाचं. पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं, “हे तुमचे पणजोबा का?” ही डोळ्याची पापणी न लववता म्हणाली, “हो.” तेव्हापासून आम्हाला एक जादा पणजोबा आहेत. स्वभावाने फार कडक होते, असंही पुढच्या पाहुण्यांना सांगून झालंय.

श्रावणात खानापूरहून आत्या आली. मापट्यातली पेनं काढून तिने त्यात तांदूळ मोजले, टेबलाची कडी वाजवून ‘कोण हाय गं आत?’ म्हणाली आणि पाय धुवायला थेट घंगाळाशी गेली. वाकली, चष्मा पुसला, नाव दोनदा वाचलं.

“ह्याचं घंगाळ आपल्या सोप्यात?”

“कोण ते?” आम्ही तिघं एकदम.

“अरे, तुझ्या आजोबांचा बांध कोरलेला माणूस हा! कोर्टात फिरून फिरून आमच्या आप्पांच्या वहाणा झिजल्या. आणि तुम्ही त्याला फुलं वाहताय?”

सोप्यात शांतता. हिने हळूच फुलं काढायला घेतली. मी पाणी ओतून देण्यासाठी कान धरला. घंगाळ मोडीत परत द्यावं तर निम्मी किंमत येणार, म्हणून आत्यानेच तोडगा काढला: नाव भिंतीकडे वळवायचं, फुलं बंद.

लेक मात्र आत्याला चिकटून बसली होती. तिचे डोळे चमकत होते.

“आज्जी, त्या दाव्याचे कागद असतील का गं कुठे? स्टॅम्पपेपर, मोडी लिपीतले? घंगाळाच्या वर फ्रेम करून लावूया.”