‘तीन वर्षांपर्यंत वाट पाहा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

लहान मुलांच्या पालकांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल तर घाबरू नये, मुलगे उशिराच बोलतात, तेव्हा तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी, नजरेला नजर देणारे, अंगाला बिलगणारे मूल स्वमग्न (ऑटिझम असलेले) असूच शकत नाही, बहुतेक वेळा दोष मोबाईलचा असतो आणि तो बंद केला की सारे सुरळीत होते, तपासणीला नेले तर मात्र दहा मिनिटांत ऑटिझमचा शिक्का बसतो आणि तो जन्मभर पुसला जात नाही. लिहिणाऱ्याचा हेतू पालकांना धीर देण्याचा असावा. पण यातल्या बहुतेक विधानांत थोडेसे तथ्य आहे, आणि म्हणूनच ती सहज पटतात.

उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे बरोबरीला येतात, हे खरे आहे. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात, हेही खरे. मात्र हा फरक फार तर काही महिन्यांचा असतो, वर्षांचा नव्हे. अडचण अशी की, कोणते मूल बरोबरीला येईल आणि कोणते मागे राहील, हे घरबसल्या ओळखता येत नाही. तज्ज्ञ नुसते शब्द मोजत बसत नाहीत. शब्दांच्या आधीचा संवाद सुरू झाला आहे का, हे ते पाहतात. वर्षाच्या सुमारास मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवू लागते. हे झाले मागणे. त्यानंतर काही महिन्यांत ते आकाशातले विमान दाखवते, ते हवे असते म्हणून नव्हे, तर आपल्या माणसानेही ते पाहावे म्हणून, आणि लगेच वळून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघते. जे मूल बोलत नाही पण असे दाखवते, हाका मारल्यावर वळते, हातवारे करून आपले म्हणणे पोहोचवते, त्याची गोष्ट वेगळी. आणि जे मूल मोठ्यांचे मनगट धरून त्यांना फळीपर्यंत ओढत नेते, पण त्यांच्या तोंडाकडे एकदाही पाहत नाही, त्याची वेगळी. संदेशात या दोघांना एकच सल्ला दिला आहे.

12 महिन्यांपर्यंत बडबड किंवा हातवारे नसणे, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, 24 महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नसणे, आणि कोणत्याही वयात आलेली भाषा किंवा मिसळण्याची सवय हरवणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. शेवटच्या लक्षणाच्या बाबतीत तर एक आठवडाही घालवू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना 18 आणि 24 महिन्यांच्या वयात, काहीही शंका नसली तरी, प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी प्राथमिक चाचणी करावी असे सुचवते. अनुभवी तज्ज्ञाने दुसऱ्या वर्षाअखेरीस केलेले निदान बहुतांशी टिकते, त्यामुळे तिसऱ्या वाढदिवसाची वाट पाहून निदानाच्या अचूकतेत फारशी भर पडत नाही. जाते ते उपचारांचे एक वर्ष. शिवाय न बोलण्याचे कारण ऐकू न येणे हेही असू शकते. दार आपटल्यावर मूल दचकते, यावरून त्याला सगळे ऐकू येते असे समजू नये; त्याला बोलण्यातले बारीक ध्वनी ऐकू येत नसतील. म्हणून श्रवणचाचणी सर्वांत आधी.

नजरेला नजर देणाऱ्या मुलाबद्दलचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. अनेक स्वमग्न मुले नजर देतात, आईला बिलगतात, हसतात. निदान एका लक्षणावर होत नाही, आणि एका लक्षणाच्या अभावाने ते बादही होत नाही. या गैरसमजाची झळ मुलींना जास्त बसते, कारण त्या इतरांचे पाहून वागणे उचलतात आणि वर्षानुवर्षे लक्षात येत नाहीत.

मोबाईलचा मुद्दा अधिक अवघड आहे, कारण सल्ला चांगला असून निष्कर्ष चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे सांगितले. हा सल्ला जरूर पाळावा. पण पडद्यामुळे होतो असे म्हटल्या जाणाऱ्या ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचे निदान, डॉक्टर ज्यांच्या आधारे निदान करतात त्या डीएसएम-5 आणि आयसीडी-11 या आजारांच्या सूचींपैकी एकीतही नाही. ज्या मुलाला माणसांशी खेळणे जड जाते ते पडद्याकडे अधिक ओढले जाते, ही उलटी शक्यता संदेशात विचारातच घेतलेली नाही. (दोष आईच्या माथी मारण्याची खोड तशी जुनीच, विसाव्या शतकाच्या मध्यात आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, असे डॉक्टरही मानत होते.) मोबाईल आजच बंद करावा आणि तपासणीची वेळही आजच घ्यावी, या दोहोंत काही विरोध नाही.

राहिला शिक्का. ऑटिझम ठरवण्यासाठी कोणतीही रक्ततपासणी किंवा मेंदूचे छायाचित्र पुरेसे नसते. निदान होते ते गर्भारपणापासूनचा सविस्तर इतिहास विचारून आणि मुलाशी खेळून. तपासणारी व्यक्ती साबणाचे फुगे उडवते, मूल रमले की मध्येच थांबते, बाटली बंद करून हातात धरते आणि काहीच बोलत नाही. आता मूल काय करते? बाटलीवर झडप घालते, निघून जाते, की बाटलीकडे पाहून तिच्या चेहऱ्याकडे पाहते? अशा कितीतरी छोट्या प्रसंगांतून चित्र तयार होते, आणि त्याला दहा मिनिटे पुरत नाहीत. कोणी खरोखरच दहा मिनिटांत निकाल दिला असेल, तर दुसरे मत घ्यावे. संदेशातली ही भीती निराधार नाही. मात्र पालकांनी भरायची वीस प्रश्नांची एम-चॅट ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे; तिच्यात जास्त गुण आलेल्या सगळ्याच मुलांना ऑटिझम नसतो. सविस्तर तपासणीतून भाषाविकाराचे, बौद्धिक अक्षमतेचे किंवा काहीच नसल्याचेही उत्तर निघू शकते. वाचा-उपचार तर अंतिम निदान होण्याआधीही सुरू करता येतात.

डॉक्टरांनीच ‘सहा महिने पाहू’ असे म्हटले, तर या सहा महिन्यांत नेमके काय दिसायला हवे, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे, पुढची तारीख तिथेच ठरवावी आणि मुलाच्या रोजच्या खेळण्या-जेवण्याचे छोटे व्हिडिओ काढून ठेवावेत. तपासणीच्या अनोळखी खोलीत मूल जे करत नाही, ते त्यांत सापडते.